प्रवासात नेण्याची एक्स्टेन्शन कॉर्ड: सॉकेट किती ते नंतर, तापते किती ते आधी

प्रवासाच्या बॅगेत हल्ली मोबाइल, लॅपटॉप, टॅबलेट, कॅमेरा, इअरफोन, पॉवर बँक आणि या सगळ्यांचे चार्जर असतात. मुक्कामाच्या खोलीत मोकळं सॉकेट मात्र एखादंच मिळतं, तेही पलंगामागे. म्हणून एक्स्टेन्शन सोबत घ्यायचं ठरतं, आणि घेताना बहुतेक जण पाहतात ते सॉकेट किती आणि यूएसबी पोर्ट किती. सुरक्षिततेचा या आकड्यांशी फारसा संबंध नाही. त्या वायरीतून किती करंट जाणार आणि जाताना तो कुठे उष्णता तयार करणार, हे पाहायला हवं. एक्स्टेन्शन वितळतं किंवा पेट घेतं ते बहुतेक वेळा या उष्णतेमुळेच, आणि ती कुठे जमते हे एकदा कळलं की दुकानात काय पाहायचं ते आपोआप लक्षात येतं.

लोडचा हिशेब

वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. एवढं गणित पुरेसं आहे.

लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा, टॅबलेटचा ३०, दोन मोबाइलचे २०-२० आणि कॅमेऱ्याचा १० असं धरलं तर सगळे एकाच वेळी पूर्ण जोरात चालू असतानाही बेरीज १४५ वॅट होते. २३० व्होल्टच्या देशात हा साधारण ०.६ अँपिअर करंट झाला. कोणतीही बरी एक्स्टेन्शन कॉर्ड हे सहज पेलते. चार्जर कितीही लावले तरी ते एकटे धोका क्वचितच निर्माण करतात.

आता त्याच बोर्डावर कुणीतरी १८०० वॅटचा हेअर ड्रायर लावतं. करंट एकदम जवळजवळ ८ अँपिअरवर जातो, म्हणजे आधीच्या बारा-तेरा पट. पाणी तापवायची किटली, इस्त्री, रूम हीटर ही सगळी याच जातीची उपकरणं आहेत. यांचं कामच वीज जाळून उष्णता देणं हे असल्याने त्यांची भूक मोठी असते. प्रवासी एक्स्टेन्शनचा पहिला नियम इथूनच निघतो: तापणारी वस्तू थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायची आणि एक्स्टेन्शन फक्त चार्जरसाठी ठेवायचं. हा नियम पाळला तर पुढच्या बऱ्याच चुका माफ होतात. पण खोलीत आपल्याबरोबर इतरही माणसं असतात आणि रिकामं सॉकेट दिसलं की कुणीही काहीही लावतं. म्हणून कॉर्ड घेतानाच थोडी दमदार घ्यावी.

वायरीपेक्षा जोड जास्त तापतो

तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट, आणि बारा पट झाला की सुमारे दीडशे पट. प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. २ मीटर लांबीची, ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याची कॉर्ड घ्या. करंट जाऊन परत येतो, म्हणजे ४ मीटर तांबं. त्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साधारण ०.०९ ओहम. आपल्या सगळ्या चार्जरच्या ०.६ अँपिअरला या वायरीत एका वॅटचा तिसावा भागसुद्धा उष्णता होत नाही. ड्रायरच्या ८ अँपिअरला सुमारे ६ वॅट होते. दोन मीटरभर पसरलेली ६ वॅट उष्णता हवेत सहज निघून जाते. तीच वायर गुंडाळून, वेटोळ्यावर रबर बँड लावून उशीखाली ठेवली तर मात्र उष्णतेला वाट राहत नाही आणि आतलं तापमान चढत जातं. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादा साधारण ७० अंश सेल्सिअस असते. त्याच्या वर ते मऊ पडतं, आणि वारंवार तापलं तर कडक होऊन तडकतं.

खरी काळजी करायची जागा वायर नाहीच. ती आहे प्लगची पिन आणि सॉकेटच्या आतली पट्टी जिथे एकमेकींना टेकतात तो जोड. ती पट्टी स्प्रिंगसारखी पिनेला दाबून धरते. स्वस्त बोर्डात पट्टी पातळ असते. दहा-वीसदा प्लग काढ-घाल केला की ती सैल पडते. सैल जोडाचा रोध ०.१ ओहम झाला असं समजा. मोबाइल-लॅपटॉपला याचं काहीच वाटत नाही. पण ८ अँपिअर करंट आला की त्या ठिपक्याएवढ्या जागेत ६ वॅटच्या वर उष्णता जमते, आणि १५ अँपिअरला २२ वॅट. छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. तिचं टोक प्लास्टिकला लावलं तर काय होईल, तेच बोर्डाच्या पोटात व्हायला लागतं. शिवाय उष्णतेने पट्टीचा ताण कमी होतो, धातूवर काळा थर चढतो, रोध आणखी वाढतो आणि जोड आणखी तापतो.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सैल जोडामुळे करंट वाढत नाही. त्यामुळे भिंतीमागचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही आणि फ्यूजही उडत नाही. त्यांच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं. हा बिघाड पकडणारं उपकरण म्हणजे आपला हात आणि नाक. प्लग कोमट लागणं, सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग दिसणं, चुरचुर असा बारीक आवाज येणं, जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा वास येणं, यातलं एक जरी जाणवलं तरी तो बोर्ड त्या क्षणापासून वापरायचा नाही.

त्याच कॉर्डला दुसऱ्या देशात दुप्पट काम

जगात घरगुती वीज ढोबळमानाने दोन प्रकारची मिळते. युरोप, बराचसा आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात २२० ते २४० व्होल्ट. अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोत १२० च्या आसपास, आणि जपानमध्ये १०० व्होल्ट. चार्जरना याची फिकीर नसते. त्यांच्या पाठीवर बारीक अक्षरात इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असतं. ते असलं की चार्जर दोन्हीकडे चालतो, फक्त पिनांचा आकार बदलणारा अ‍ॅडॅप्टर लागतो. (अ‍ॅडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. हे इतक्यांदा सांगूनही दरवर्षी कितीतरी हेअर ड्रायर या गैरसमजात जळतात.)

एक्स्टेन्शनला मात्र फरक पडतो, आणि तो दोन दिशांनी पडतो.

२३० व्होल्टच्या देशातला बोर्ड १२० व्होल्टकडे नेला तर तितक्याच वॅटच्या वस्तूसाठी दुप्पट करंट वाहतो. बोर्डावर १० अँपिअर, २५०० वॅट असं लिहिलेलं असेल तर तिकडे त्याची खरी क्षमता १२०० वॅटच उरते. वायर सोसते ती अँपिअरना, त्यामुळे छापलेल्या वॅटवर विसंबू नका. अँपिअर वाचा आणि ज्या देशात आहात तिथल्या व्होल्टने गुणा.

उलट दिशा जास्त धोक्याची आहे. १२० व्होल्टच्या देशात घेतलेल्या अनेक बोर्डांत सर्ज प्रोटेक्टर असतो. त्यातला मुख्य भाग म्हणजे एमओव्ही नावाची एक चकती. व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर गेलं की ती चकती वीज स्वतःतून वळवते आणि उपकरणाला वाचवते. ही पातळी १२० व्होल्टच्या हिशेबाने बेतलेली असते. तोच बोर्ड २३० व्होल्टला लावला की चकतीला सगळा वेळ सर्जच आल्यासारखा वाटतो. ती वीज वळवत राहते, तापते, फुटते, कधी धूर निघतो तर कधी ज्वाळा. बोर्डावर काहीही लावलेलं नसलं तरी हे होऊ शकतं. म्हणून ज्यावर १२५ व्होल्ट छापलंय तो बोर्ड २३० च्या देशात अ‍ॅडॅप्टर लावूनही वापरायचा नाही. देश ओलांडून फिरणाऱ्याने सर्ज प्रोटेक्टर नसलेली, २५० व्होल्टपर्यंत चालणारी साधी कॉर्ड घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तीन संरक्षणं, तीन वेगळी कामं

खोक्यावर ठळक अक्षरात स्पाइक गार्ड लिहिलेलं असलं की बोर्ड सुरक्षित आहे असं वाटतं. या एका समजुतीमुळे चुकीच्या वस्तू घरात येतात. सर्ज किंवा स्पाइक गार्ड उपकरणाला क्षणभराच्या जादा व्होल्टेजपासून वाचवतो. वायर तापण्यापासून किंवा माणसाला शॉक बसण्यापासून नाही. शिवाय प्रत्येक मोठा झटका खाताना ती चकती थोडी झिजते, त्यामुळे जुन्या बोर्डातला गार्ड नावापुरता उरलेला असू शकतो.

वायरीला वाचवतो तो ओव्हरलोड कटऑफ. बोर्डाच्या बाजूला छोटं दाबायचं बटण असतं, लोड जास्त झाला की ते टक्कन बाहेर येतं. ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये हे काम आतला फ्यूज करतो. भिंतीतला एमसीबी असताना याची गरज का? तो १६ किंवा २० अँपिअरचा असतो आणि इमारतीच्या वायरिंगसाठी बसवलेला असतो. तुमची कॉर्ड ६ अँपिअरची असेल तर तिच्यातून १५ अँपिअर वाहत असताना एमसीबी शांत बसेल. ब्रिटनमध्ये तर सॉकेटची सर्किटं ३२ अँपिअरची असतात, म्हणूनच तिथे प्रत्येक प्लगमध्ये फ्यूज घातलेला असतो. प्रवासी कॉर्डमध्ये पैसे खर्च करण्यासारखी सोय कोणती असेल तर ती हे कटऑफचं बटण.

माणसाला वाचवतो तो आरसीडी: गेलेला आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. हा बहुतेक इमारतीच्या वीजपेटीत असतो, आपल्या कॉर्डमध्ये नसतो. तो तिथे आहे की नाही हे खोलीत बसून कळत नाही, म्हणून बाथरूममध्ये एक्स्टेन्शन ओढत नेणं पूर्णपणे वर्ज्य समजावं. तिथलं शेव्हरसाठीचं सॉकेटसुद्धा फक्त शेव्हर किंवा टूथब्रशपुरतंच असतं.

जहाजाने जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. जहाजावरची वीज जमिनीवरच्यासारखी न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) जमिनीला जोडून दिलेली नसते. दोन्ही तारांवर जहाजाच्या लोखंडी सांगाड्याच्या तुलनेत व्होल्टेज असतं. जमिनीवरच्या वापरासाठी बनवलेले सर्ज प्रोटेक्टर अशा यंत्रणेत पेट घेऊ शकतात, आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये यावर सुरक्षा इशारा काढला होता. प्रवासी जहाज कंपन्या सर्ज प्रोटेक्टर काढून घेतात, काही कंपन्या तर कोणतीच एक्स्टेन्शन कॉर्ड चालू देत नाहीत. तिकिटासोबतचे नियम आधी वाचावेत.

अर्थिंग आणि बोटांना येणाऱ्या झिणझिण्या

धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावून हळूच बोट फिरवलं तर कधी कधी झिणझिण्या येतात. बिघाड असेलच असं नाही. चार्जरच्या आत विजेतला गोंगाट, म्हणजे नको असलेली कंपनं, गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून अगदी थोडा करंट बॉडीपर्यंत झिरपतो. तीन पिनांचा चार्जर आणि चांगलं अर्थिंग असेल तर तो अर्थच्या तारेने निघून जातो. मधल्या अ‍ॅडॅप्टरने किंवा कॉर्डने अर्थ तोडला असेल तर तो आपल्या बोटातून जातो. त्या झिणझिण्या सहसा अपाय करत नाहीत, पण अर्थिंग नाही ही खबर मात्र देतात. त्याच सॉकेटवर धातूच्या बॉडीची किटली लावली आणि तिच्या आत तार सुटली तर वाचवायला काहीच नसेल.

म्हणून कॉर्ड तीन तारांचीच घ्यावी आणि तिला लागणारा अ‍ॅडॅप्टरही अर्थ पुढे नेणारा असावा. युरोपातला बारीक दोन गोल पिनांचा चपटा प्लग २.५ अँपिअरपुरताच बनवलेला असतो आणि त्याला अर्थ नसतो. त्याच्या मागे सहा सॉकेटचा बोर्ड लावणं चुकीचंच. जर्मनी आणि आसपासच्या देशांत अर्थ मधल्या पिनेतून येत नाही, प्लगच्या कडेला असलेल्या पट्ट्यांतून येतो. त्यामुळे सगळ्या देशांचे प्लग बसतील अशी भोकं असलेल्या युनिव्हर्सल सॉकेटमध्ये तो प्लग बसतो, वस्तू चालते, पण अर्थ जोडलाच जात नाही. ही युनिव्हर्सल भोकं मला एकूणच पसंत नाहीत. सगळ्यांना सामावून घेण्याच्या नादात ती कोणत्याच पिनेला नीट पकडत नाहीत, आणि आपण वर पाहिलंच आहे की सैल पकड म्हणजे काय. त्यापेक्षा आपल्या चार्जरना बसतील अशी, एकाच पद्धतीच्या सॉकेटची कॉर्ड घ्यावी आणि ती भिंतीला जोडायला त्या देशाचा एक चांगला अ‍ॅडॅप्टर. पाच चार्जरना पाच अ‍ॅडॅप्टर लावण्यापेक्षा हे स्वस्तही पडतं.

ज्या चार्जरवर एका चौकोनात दुसरा चौकोन काढलेला असतो त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं. त्याला अर्थ लागत नाही. बहुतेक मोबाइल चार्जर असेच असतात.

हातात घेऊन काय पाहायचं

आधी वायरीवर छापलेलं वाचा. त्यावर तारांची संख्या आणि जाडी असते. उदाहरणार्थ ३जी१.५ म्हणजे अर्थ धरून तीन तारा, प्रत्येकी १.५ चौरस मिलिमीटर. ०.७५ ची कॉर्ड साधारण ६ अँपिअरला, १ ची १० अँपिअरला आणि १.५ ची १६ अँपिअरला पुरते. अमेरिकी पद्धतीत गेज लिहितात आणि तिथे आकडा वाढला की तार बारीक होते: १८ गेजची कॉर्ड साधारण १० अँपिअरपर्यंत, १६ गेजची १३ आणि १४ गेजची १५ पर्यंत. फक्त चार्जरसाठी ०.७५ पुरते, पण मी १ चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ नये असंच सांगेन. वजनात फरक थोडाच पडतो. वायरीवर काहीच छापलेलं नसेल तर बोर्ड परत ठेवा. जाड आवरणाला भुलू नका. जाड प्लास्टिकच्या आत केसांसारख्या चार तारा असू शकतात. काही कॉर्डमध्ये तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम भरतात. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि वाकवून वाकवून त्याच्या तारा लवकर तुटतात. बॅगेत रोज गुंडाळल्या जाणाऱ्या वस्तूसाठी हे वाईटच. तशी कॉर्ड हातात अपेक्षेपेक्षा हलकी लागते.

पिना पितळेच्या हव्यात. छोटं लोहचुंबक लावून पाहा. घट्ट चिकटलं तर आत लोखंड आहे. ब्रिटिश प्लगमध्ये फेज आणि न्यूट्रलच्या पिनांच्या मुळाशी काळं प्लास्टिक असतं ते बरोबर, पण तसं आवरण धातूच्या अर्थ पिनेवरही असेल तर प्लग बनावट समजा, कारण त्यामुळे अर्थचा संपर्कच तुटू शकतो. प्लग सॉकेटमध्ये घालताना ठाम जोर लागला पाहिजे. नवा बोर्ड उलटा धरून हलवल्यावर चार्जर गळून पडत असेल तर तो घ्यायचा नाही.

स्विच असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. युरोपातला दोन पिनांचा प्लग उलटाही बसतो, आणि एकच तार तोडणाऱ्या स्विचने बंद केल्यावरही फेज आत जिवंत राहू शकतो.

शिक्क्यांबद्दल थोडं. आयएसआय (भारत), यूएल (अमेरिका), व्हीडीई (जर्मनी), पीएसई (जपान) असे शिक्के देशोदेशी वेगवेगळे असतात. त्यातले यूएल आणि व्हीडीई हे बाहेरच्या प्रयोगशाळेने तपासून दिलेले असतात. एक्स्टेन्शन कॉर्डवरचा सीई हा युरोपातला शिक्का मात्र उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, त्यामुळे नाव नसलेल्या उत्पादकाच्या सीईला फार वजन देऊ नका.

लांबी दीड-दोन मीटर पुरे. लांब वायर दाराच्या फटीत चेंगरते, पायात येते आणि शेवटी गुंडाळून ठेवावी लागते. वायर नसलेले, थेट भिंतीत खोचायचे ठोकळे सुटसुटीत दिसतात, पण पाच चार्जर लावल्यावर त्यांचं वजन भिंतीच्या सॉकेटला खाली ओढतं. जुन्या सॉकेटमध्ये ते पुढे झुकतात आणि पिना अर्धवट बाहेर येतात.

कॉर्ड लागेलच असं नाही

यूएसबी-सी आल्यापासून अनेकांना एक्स्टेन्शनची गरज उरलेली नाही. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल, टॅबलेट आणि कॅमेऱ्यांना हा पोर्ट बंधनकारक केला, त्यामुळे वेगवेगळे चार्जर नेण्याचं कारण कमी होत चाललं आहे. तीन-चार पोर्टचा ६५ किंवा १०० वॅटचा एक चांगला चार्जर आणि २ मीटरच्या यूएसबी-सी केबल एवढ्यात लॅपटॉपसह सगळं चार्ज होतं. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हे चांगलं: पलंगापर्यंत येणाऱ्या केबलमध्ये २० व्होल्ट असतात, २३० नाहीत. फक्त दोन गोष्टी पाहा. साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटपर्यंतच असते, त्याच्या वर ५ अँपिअरची केबल लागते. आणि चार्जरवर लिहिलेले वॅट सगळ्या पोर्टमध्ये वाटले जातात, प्रत्येकाला पूर्ण मिळत नाहीत.

बोर्डात बसवलेले यूएसबी पोर्ट मात्र बहुतेक वेळा तोकडे असतात. त्यांची एकूण क्षमता कमी, आणि आतलं सर्किट कसं बनवलंय ते दिसत नाही. तिथे बचत करण्याऐवजी वेगळा चार्जर घ्यावा.

वापरताना

लावण्याआधी भिंतीचं सॉकेट पाहा. डाग, तडे, हलणारी प्लेट दिसली तर दुसरं शोधा. कॉर्ड पूर्ण उलगडा. गालिचा, गादी किंवा पडद्याखालून नेऊ नका. तिथे उष्णता अडकते आणि वायर चिरडली गेलेली कळत नाही. एका एक्स्टेन्शनला दुसरं जोडू नका, कारण प्रत्येक जोडणीत सैल पडू शकणारे जोड वाढतात आणि सगळ्यांचा लोड पहिल्या प्लगवर येतो. अर्ध्या तासाने भिंतीतल्या प्लगला हाताची मागची बाजू लावून पाहा. फक्त चार्जर लावलेले असताना प्लग गार लागायला हवा. चार्जर स्वतः कोमट असतात, त्यात काही नाही. खोलीबाहेर पडताना कॉर्ड भिंतीतून काढा, आणि काढताना वायर न ओढता प्लग धरून काढा.

बॅगेत भरताना सैल, मोठे वेढे घाला. प्लगच्या मुळाशी घट्ट पीळ दिला तर आतल्या तारा एकेक करून तिथेच तुटतात, आणि उरलेल्या तारांना सगळा करंट सोसावा लागतो. त्या जागी वायर मऊ लागली, आवरण सरकलेलं दिसलं किंवा वायर हलवल्यावर चार्जिंग चालू-बंद झालं तर चिकटपट्टी लावून काम भागवू नका. कॉर्ड टाकून द्या, आणि टाकताना भिंतीतून काढलेल्या अवस्थेत तिचा प्लग कापून वेगळा करा, म्हणजे दुसरं कुणी ती उचलून वापरणार नाही.